आडनावांची विचारपूस : लीड्सचे थॅकरे आणि साक्रीचे ठाकरे

या वेळी आलेल्या पत्रांत आडनावांचेच प्रश्न जास्त आहेत. साक्रीच्या एका पत्राला उत्तर देताना बाकीच्या बऱ्याच शंकांची वाट मोकळी होते, म्हणून ते पहिलं घेतलं आहे.

प्रश्न : आमचं आडनाव ठाकरे. मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात आहे. तिथल्या एका संग्रहालयाच्या पाटीवर ‘थॅकरे’ असं नाव आहे. त्यानं फोटो पाठवला तेव्हापासून घरात वाद चालू आहे की हे आडनाव इंग्रजांनी इथून नेलं, की आपण त्यांच्याकडून घेतलं? (साक्री तालुक्यातून)

उत्तर : दोन्ही नाही. ठाकरे इथल्या मातीतलं, थॅकरे तिथल्या. दोघांची गाठ पडली ती रोमन स्पेलिंगमध्ये.

आधी पाटीचं पाहू. हे संग्रहालय वैद्यकशास्त्राच्या इतिहासाचं आहे, 1997 साली सुरू झालं. नाव आलं ते चार्ल्स थॅकरे यांच्यावरून. 1902 साली त्यांनी लीड्समध्ये औषधाचं दुकान घेतलं आणि पुढे त्यांची कंपनी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवू लागली. मुलाला पाटी नीट वाचायला सांगा. तिथे टी-एच-ए-सी-के-आर-ए-वाय अशी अक्षरं दिसतील, मधे ‘ई’ नाही. या आडनावाचं सर्वांत जास्त आढळणारं रूप हेच. याच लीड्समध्ये चार्ल्स टर्नर थॅकरा (1795-1833) नावाचे डॉक्टर होऊन गेले. गिरणीतली धूळ, शिंप्याचं वाकून बसणं, अशा कामांमुळे कुठले आजार होतात यावर त्यांनी 1831 साली लिहिलं. त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘ए-एच’. थॅकरे, थॅकरा, थॅकरी, थॅकव्रे ही सगळी एकाच आडनावाची रूपं. पूर्वी स्पेलिंग ठरलेलं नसे. चर्चच्या वहीत पाद्री कानाला लागेल तसं लिहायचा, आणि एकाच बापाच्या दोन मुलांची आडनावं दोन तऱ्हेनं लिहिली जायची.

इंग्रजी आडनावं ढोबळमानानं चार प्रकारची असतात : गावावरून आलेली, धंद्यावरून आलेली, बापाच्या नावावरून आलेली आणि टोपणनावावरून आलेली. थॅकरे पहिल्या प्रकारातलं, म्हणजे आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावासारखं. यॉर्कशर परगण्यात वॉशबर्न नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात, ग्रेट टिंबल गावाच्या हद्दीत, थॅकरे नावाची एक वाडी होती. त्या भागात नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियाचे लोक येऊन वसले, त्यामुळे तिथली कित्येक गावांची नावं त्यांच्या भाषेत आहेत. ‘थाक’ म्हणजे छप्पर शाकारायचं गवत-बोरू आणि ‘व्रा’ म्हणजे कोपरा, बेचका. नदीकाठी ज्या बेचक्यात शाकारणीचं गवत मिळायचं, ती ही जागा. इंग्रजीत गवती छपराला ‘थॅच’ म्हणतात, तो शब्द याच ‘थाक’चा भाऊ.

आता हे आडनाव दुर्मीळ का, ते बघा. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगाव होता, म्हणून स्मिथ आडनाव हजार ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालं. थॅकरे तयार होऊ शकलं ते एका वाडीतूनच, तिथून बाहेर पडलेल्या मोजक्या घरांपासून. मधे एखादी साथ आली, एखाद्या घरात नुसत्या मुलीच झाल्या, की तेवढी फांदी संपली.

ती वाडी आज दिसत नाही. लीड्सला पाणी पुरवण्यासाठी 1870 च्या दशकात वॉशबर्नवर तलाव बांधले गेले आणि ती जागा फ्यूस्टनच्या तलावाखाली गेली. हतनूर किंवा उकाईच्या फुगवट्यात ज्यांची गावठाणं गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाव बुडालं तरी लोकांच्या नावापुढे ते राहतं.

या आडनावाची सर्वांत गाजलेली शाखा कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांची. तीही मूळची त्याच टापूतली, हॅम्प्स्थवेट गावची. पण या शाखेतली मुलं शिकून पाद्री, शिक्षक आणि ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी झाली. त्यामुळे कादंबरीकाराचा जन्म 1811 साली कोलकात्यात झाला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या फौजेशी झालेल्या लढाईत 1824 साली धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, तोही याच घराण्यातला.

ठाकरे हे आडनाव मात्र ठाकूर, ठाकर या शब्दकुळातलं मानलं जातं. खानदेश, नाशिक, विदर्भ अशा मोठ्या पट्ट्यात आणि अनेक समाजांत ते आहे, आणि एवढा पसारा एका घरापासून होत नाही. म्हणजे ते स्मिथसारखं, ठिकठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालेलं आडनाव. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे (1885-1973) यांनी कादंबरीकार थॅकरे यांच्याबद्दलच्या आदरापोटी इंग्रजीत त्यांचं स्पेलिंग घेतलं आणि ते महाराष्ट्रभर माहीत झालं. प्रबोधनकारांच्या घराण्याला आधी धोडप किल्ल्यावरून धोडपकर आणि नंतर पनवेलकर अशीही आडनावं लागली होती. शाळेत नाव घालताना वडिलांनी जुनं ठाकरे लावलं. काही पिढ्यांत तीन आडनावं, ही गोष्ट लक्षात ठेवा. खानदेशातल्या घरांचा माग काढताना ती पदोपदी आडवी येते.

उच्चार जुळला म्हणून नातं जोडू नये, याचा एक पुरावा भुसावळातच आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारे मेजर रॉबर्ट गिल 1879 साली वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. हे इंग्रजी गिल दरी-ओढ्याच्या जुन्या शब्दावरून किंवा गिल्बर्टसारख्या नावाच्या लाडक्या रूपावरून आलेलं असतं. पंजाबातल्या जाटांचं गिल गोत्र वेगळं. स्पेलिंग अक्षरन्‌ अक्षर तेच.

प्रश्न : आडनाव अमुक वाडीतून निघालं आणि तमुक शहरात पसरलं, हे इतकं ठामपणे कसं सांगता येतं? (धुळे)

उत्तर : नोंदींमधून. इंग्लंडमध्ये त्या सलग आहेत, एवढंच त्यांचं भाग्य. चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या 1538 पासून ठेवल्या. जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे. त्याच्याही मागे जायचं तर 1377, 1379 आणि 1381 च्या डोईपट्टीच्या याद्या. यॉर्कशरच्या पश्चिम भागाची 1379 ची यादी चांगली टिकली आहे. तिच्यात ‘अमुक द तमुक’ अशी नावं येतात. हा ‘द’ म्हणजे ‘चा’, आपला ‘कर’.

काम मात्र उलट दिशेनं करायचं असतं. आधी पसाऱ्याचं चित्र, मग मूळ. त्यासाठी 1881 ची जनगणना सगळ्यात सोयीची. ती 3 एप्रिलच्या रात्रीची आहे, पूर्ण उतरवून काढलेली आहे आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. आडनावाची सगळी रूपं वेगवेगळी घालून परगण्यानुसार माणसं मोजायची. नुसत्या आकड्यावर थांबलात तर चुकाल, कारण लंडनमध्ये सगळीच आडनावं जास्त दिसतात, तिथे माणसंच जास्त. म्हणून प्रमाण काढायचं. समजा एका परगण्यात लाखामागे 40 जण त्या आडनावाचे आहेत आणि सबंध देशात लाखामागे 2. म्हणजे तिथे ते आडनाव वीसपट दाट आहे. असं प्रत्येक परगण्याचं काढून नकाशावर रंगवलं की दुर्मीळ आडनाव एका ठिकाणी डागासारखं उठून दिसतं. त्या डागाच्या पोटात त्या नावाचं एखादं जुनं गाव, वाडी किंवा शेत सापडतं का, ते मग बघायचं.

पुढची पायरी जन्मगावाच्या रकान्याची. 1841 च्या जनगणनेत ‘याच परगण्यात जन्म, होय की नाही’ एवढंच आहे. 1851 पासून जन्माचं गाव लिहिलेलं आहे. लीड्सच्या गिरणीत 1851 साली काम करणारा साठीचा थॅकरे वॉशबर्नच्या खोऱ्यात जन्मला असेल आणि त्याचा वीस वर्षांचा मुलगा लीड्समध्ये, तर ते घर कधी हललं त्याचा अंदाज तिथल्या तिथे येतो. खोऱ्यापासून लीड्स जेमतेम पंचवीस किलोमीटर. आडनावं सहसा अशीच सरकतात. जवळचं बाजाराचं गाव, तिथून जिल्ह्याचं शहर, आणि मग आगगाडीनं किंवा बोटीनं एकदम लांब.

चुका ठरलेल्या जागी होतात. हस्ताक्षरातला मोठा ‘टी’ उतरवताना ‘एफ’ किंवा ‘एस’ होतो, म्हणून पहिलं अक्षर सोडूनही शोध घ्यावा. सैनिक, खलाशी आणि घरगडी त्या रात्री जिथे असतील तिथे मोजले गेले, त्यांना त्या गावचे समजू नये. आणि 1931 ची इंग्लंड-वेल्सची जनगणना 1942 साली आगीत जळाली, 1941 ची झालीच नाही. 1921 ची यादी 2022 साली खुली झाली. तिच्यापुढे 1939 ची युद्धकाळातली नोंदवही हाच आधार.

प्रश्न : घरात मुलगे जन्मत असताना आडनाव नाहीसं कसं होईल? (चोपडा)

उत्तर : याचं गणित आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1873 साली हा प्रश्न छापून विचारला आणि हेन्री वॉटसन या पाद्र्यानं तो मांडून दाखवला.

समजा एकेका आडनावाचा एकेकच पुरुष, असे 100 पुरुष आहेत. त्यांच्यातल्या 25 जणांना एकही मुलगा नाही, 50 जणांना एक आणि 25 जणांना दोन. सरासरी एक मुलगा पडतो, म्हणजे पुरुषांची एकूण संख्या शंभरच राहते. तरी पुढच्या पिढीला 25 आडनावं संपली. हाच हिशेब पुढे चालवला तर दुसऱ्या पिढीअखेर साधारण 39 आणि तिसरीअखेर 48 जातात. चौथीत 55. राहिलेल्यांत काही आडनावं मात्र फोफावतात. लोकसंख्या तेवढीच, आडनावं निम्म्याहून कमी. वॉटसन यांचं एक चुकलं होतं. लोकसंख्या वाढत असली तरी शेवटी सगळीच आडनावं संपतात, असं त्यांनी काढलं. वाढत्या लोकसंख्येत काही टिकून राहतात, हे पुढे दाखवलं गेलं.

प्रश्न : भिल्ल पलटण उभी करणाऱ्या आउट्रमच्या आडनावावरून ‘ट्राम’ शब्द आला, असं ऐकलं. (धरणगाव)

उत्तर : नाही. जेम्स आउट्रम (1803-1863) यांनी 1825 साली खानदेश भिल्ल कोअर उभी केली, तुमच्या धरणगावाशी त्यांचा संबंध पक्का आहे. त्यांचे वडील बेंजामिन हे डर्बीशरमधले इंजिनिअर, घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी लोखंडी रूळमार्ग बांधायचे. ‘आउट्रम’चं ‘ट्राम’ झालं ही समजूत त्यावरून निघाली. पण ट्राम हा शब्द त्यांच्या आधीपासून खाणीत चालू होता आणि त्याचा मूळ अर्थ लाकडी दांडा. या दुर्मीळ आडनावाचा पसारा मात्र बघण्यासारखा आहे. जेम्स यांच्या नावानं सिंगापुरात रस्ता आहे, न्यूझीलंडमध्ये गाव आहे आणि कोलकात्यात घाट.

प्रश्न : आमच्या गावात निम्म्या घरांचं आडनाव पाटील. मूळ आडनाव भामरे असल्याचं आजोबा सांगायचे. इंग्लंडसारखा नकाशा आपल्या आडनावाचा काढता येईल का? कुठून सुरुवात करावी? (शिंदखेडा तालुक्यातून)

उत्तर : काढता येईल, आणि काढायलाच हवा. जुनी माणसं आहेत तोवर हे काम सोपं आहे.

‘तुमनं आडनाव काय शे?’ असं विचारलं की खानदेशात ‘पाटील’ असं उत्तर येतं, आणि सोयरिकीची गोष्ट निघाली की लगेच ‘मूळ कोनतं?’ पाटील, चौधरी, महाजन, देशमुख ही मानाची, हुद्द्याची नावं. पाटीलकी एका घराची असली तरी भाऊबंद सगळे पाटील लावत गेले, शाळेत तेच लागलं आणि मूळ आडनाव लग्नापुरतं उरलं. महसुली पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली, आडनाव राहिलं. म्हणून पाटील या नावाचा नकाशा काढून काही हाती लागणार नाही. नकाशा भामऱ्यांचा काढायचा.

भामरे हे आडनाव साक्री तालुक्यातल्या भामेरशी जोडलं जातं. तपासायला याहून चांगलं उदाहरण नाही. खरंच ते भामेरहून निघालं असेल तर भामेरच्या आसपास ते दाट आणि लांब जावं तसं विरळ दिसलं पाहिजे. दोन-तीन ठिकाणी वेगवेगळे डाग उठले, तर उगम एकापेक्षा जास्त किंवा मधे एखादं मोठं स्थलांतर.

आजची मोजणी मतदार यादीवरून करा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर त्या भागवार मिळतात. पानं बहुधा चित्राच्या रूपात असतात, शब्द टाकून शोध लागत नाही, तेव्हा डोळ्यानं वाचावं लागतं. मतदार मोजू नका, घरं मोजा. प्रत्येक नावाखाली घर क्रमांक असतो. बायांची नावं सासरच्या आडनावानं येतात, त्यामुळे मतदार मोजले तर एकच घर तीन-चारदा मोजलं जाईल. गावातली त्या आडनावाची घरं भागिले गावातली एकूण घरं, गुणिले हजार. हा आकडा तालुक्याच्या नकाशावर टाका. ज्या गावात सगळे पाटील आहेत तिथे यादी उपयोगाची नाही. तिथे जाऊन पारावर बसा, एकेका भाऊबंदकीचं मूळ आडनाव विचारून वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. ‘लावतात’ आणि ‘मूळ’ असे दोन रकाने सुरुवातीपासून ठेवले नाहीत, तर पुढे सगळी मोजणी परत करावी लागते.

सुरत विसरू नका. सुरत-अमळनेर रेल्वे 1900 च्या सुमारास झाली आणि खानदेशाची माणसं तिकडे जाण्याची वाट रुळली. आज उधना-लिंबायत भागात खानदेशी आडनावांची वस्ती मोठी आहे. तिथल्या याद्या गुजराती लिपीत असतात. ती लिपी वाचायला आठ दिवसांत जमते.

मागे जाण्यासाठी कागद या क्रमानं बघा. पहिला शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर. आजोबा-पणजोबांचं नाव, गाव आणि बहुतेकदा जातही तिथे मिळते. मग गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. मग जमिनीचे फेरफार आणि हक्कनोंदीची पत्रकं. हक्कनोंदीचा कायदा 1903 चा, त्यामुळे त्याच्या मागचं तिथे मिळत नाही. त्याहून जुन्या नोंदी इंग्रजांनी केलेल्या जमीन मोजणीच्या वेळच्या. खानदेशात मोजणी 1852 ला सुरू झाली. सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागात लोकांनी तिला मोठा विरोध केला होता.

जुने कागद मोडीत असतात, आणि खरी अडचण पुढेच आहे, त्यांत बहुधा आडनावच नसतं. नोंद अशी असते : ‘सखाराम वलद राघो’. वलद म्हणजे मुलगा. कुठे त्याच जागी ‘बिन’ असतं. ‘सखू कोम राघो’ म्हणजे राघोची बायको सखू. आडनावाची वाट बघत बसाल तर हातात असलेला पणजोबा सुटून जाईल. बापलेकांची साखळी धरा. सखाराम वलद राघो, मग राघो वलद कोण, आणि प्रत्येक पायरीला शेताचा सर्व्हे नंबर जुळतो का ते ताडून पाहा. नावं तीच तीच असतात, कारण नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत. एका गावात दोन ‘सखाराम वलद राघो’ सहज सापडतात. त्यांना वेगळं करतो तो सर्व्हे नंबर.

कागद मागताना जुना जिल्हा-तालुका माहीत असावा. 1906 पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि नंदुरबार 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून निघाला. त्यामुळे शहादा-तळोद्याचा जुना कागद धुळ्यालाही पडलेला असू शकतो.

कागद संपले की त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय. त्यांच्या चोपड्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नामावळी असते. तिथे जाताना तीन पिढ्यांची नावं, गाव, जात आणि ‘लावतो ते’ व ‘मूळ’ अशी दोन्ही आडनावं सांगा, कारण शोध आधी गावावरून लागतो. पानाचा फोटो घेऊ देतील का ते विचारा. नाही म्हणाले तर जसंच्या तसं, चुकीचं वाटलं तरी न सुधारता उतरवून घ्या.

प्रश्न : डीएनए तपासणीनं आडनावाचं मूळ कळतं का? (जळगाव)

उत्तर : अर्धवट. बापाकडून मुलाकडे वाय गुणसूत्र जातं तसं आडनावही जातं, म्हणून दोन्ही जुळवता येतात. 2000 साली इंग्लंडमध्ये साइक्स आडनावाच्या पुरुषांची अशी तपासणी झाली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच ठेवणीचं निघालं. आडनाव जितकं दुर्मीळ तितकं हे साम्य जास्त, स्मिथसारख्या आडनावात ते जवळपास दिसतच नाही. आपल्याकडे ‘पाटील’ लावणाऱ्यांची अशी तपासणी करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. भामऱ्यांसारखं आडनाव असेल आणि वेगवेगळ्या गावच्या दहा-बारा घरांतले पुरुष तयार असतील तरच विचार करा. दत्तक गेलेल्या घरांची आणि घरजावयांची नोंद आधी करून ठेवा. तिथे रक्त एक आणि आडनाव दुसरं निघणारच, त्यात कोणाला कमीपणा नाही.

प्रश्न : दाखल्यावर टी-एच-ए-के-ए-आर-ई आणि पॅनवर सी घातलेलं स्पेलिंग आहे. कोणतं बरोबर? (नवापूर)

उत्तर : देवनागरीत ठाकरे लिहिलं की झालं, रोमन दोन्ही चालतात. मात्र कागदांवर एकच हवं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे ते धरा आणि आधार, पॅन, पासपोर्ट त्याला जुळवून घ्या. उलटं करायला गेलात तर राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो आणि पुढे प्रत्येक अर्जाला ते पान जोडत बसावं लागतं.